‘रिक्शॉ कार्ट’: आठ महिने भिंतीवर, तीन महिने हातात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तोक्योतला पावसाळा सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले असताना, आमच्या दिवाणखान्यातील ‘रिक्शॉ कार्ट’ या छापचित्राच्या उजव्या बाजूला फुगवटा आलेला मला दिसला. आदल्या रात्रीपर्यंत सपाट असलेला कागद एका ठिकाणी फ्रेमच्या पुढच्या पारदर्शक ॲक्रिलिकला चिकटला होता आणि जिथे चिकटला होता तिथे तळहाताएवढा ओलसर पट्टा उमटला होता. चित्र घेऊन नऊ महिने आणि भिंतीवर लावून आठ महिने झाले होते. वर्ष पूर्ण झाले की वापराचा अनुभव लिहायचा असे मी ठरवलेच होते, आणि तोपर्यंतच्या मतानुसार तो नापसंतीचाच झाला असता.

हे चित्र ज्या ‘उकियो-ए हीरोज’ मालिकेतले आहे, ती ज्यांना परिचित आहे, त्यांना फार पार्श्वभूमी सांगायला नको. व्हिडिओ गेममधील पात्रे एदो काळातील (१६०३–१८६८) उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांच्या, धाटणीत रेखाटण्याची कल्पना अमेरिकी चित्रकार जेड हेन्री यांची. ती चेरीच्या लाकडात कोरून छापण्याचे काम १९८६ पासून जपानमध्ये राहणारे डेव्हिड बुल यांचे. आणि २०१२ साली लोकवर्गणीतून या कामासाठी तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. बुल यांच्याविषयी मला आधीपासून आदर होता, कारण अठराव्या शतकातील चित्रकार कात्सुकावा शुन्शो यांच्या शंभर कवींच्या चित्रांची मालिका त्यांनी १९८९ ते १९९८ या दहा वर्षांत, दर वर्षी दहा या हिशेबाने, स्वतः कोरून आणि स्वतः छापून पूर्ण केली होती. ‘रिक्शॉ कार्ट’मध्ये मारियो कार्ट या खेळातील शर्यत माणसाने ओढायच्या रिक्षांची झाली आहे. माथेरानची हातरिक्षा पाहिलेल्या मराठी माणसाला हे वाहन वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि तोक्योतल्या असाकुसा भागात बुल यांच्या मोकुहानकान या दुकानातून चित्र घेऊन बाहेर पडल्यावर कामिनारीमोन दरवाजापाशी पर्यटकांसाठी उभ्या असलेल्या तशाच रिक्षा दिसल्या, तेव्हा माझ्या बारा वर्षांच्या मुलाला फार आनंद झाला होता.

पहिल्या आठ महिन्यांतील माझी तक्रार पैशांची होती. या मालिकेतील चित्रांची डिजिटल छपाई हाताने छापलेल्या प्रतीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते. निशि-कासाईतील आमच्या घरात सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहिले, तर मधले अंतर अडीच मीटरचे. त्या अंतरावरून, ॲक्रिलिकच्या आड, लाकडी ठशाची छपाई आणि यंत्राची छपाई यांतला फरक मला कधीही दिसला नाही. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही दिसला नाही. परदेशात संसार करताना प्रत्येक येनचा हिशेब ठेवावा लागतो, आणि जो फरक डोळ्यांना दिसतच नाही त्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजले, ही खंत मला कित्येक महिने सलत राहिली.

फुगवटा आल्यावर मी फ्रेम उतरवून ज्या दुकानात ती करून घेतली होती तिथे नेली. माझ्यासमोर मागचा पुठ्ठा काढण्यात आला आणि कारण लगेच समजले. चित्राच्या चारही कडांना मागून दुहेरी चिकटपट्टी लावून ते पुठ्ठ्यावर घट्ट बसवले होते, आणि पुढे माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, न ठेवता ॲक्रिलिक थेट कागदावर टेकवले होते. ज्या कागदावर ही चित्रे छापतात तो होशो कागद कोझो झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असतो. त्यातले सर्वांत नावाजलेले कारागीर, फुकुई प्रांतातील एचिझेनचे इवानो इचिबेई, यांना २००० साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. हा कागद दमट हवेत सादळतो आणि प्रसरण पावतो, कोरड्या हवेत पुन्हा आक्रसतो. त्याला हलायला जागा दिली तर त्याचे काही बिघडत नाही. चारही बाजूंनी जखडले तर तो मधूनच उचलला जाणार हे उघड आहे. पद्धत अशी आहे की, चित्राच्या फक्त वरच्या कडेला पातळ कागदाचे दोन छोटे पट्टे गव्हाच्या खळीने चिकटवायचे, त्यांवर चित्र नुसते लोंबते ठेवायचे, आणि काच व कागद यांच्यामध्ये माउंटच्या जाडीइतके अंतर राखायचे.

दुकानदाराचे म्हणणे पडले की पोस्टर अशाच रीतीने लावतात. हे पोस्टर नाही, हे चित्र देतानाच सांगितले होते, असे मी म्हटल्यावर त्याने ते गरम दाबयंत्राखाली पुठ्ठ्याला पक्के चिकटवून सपाट करून देण्याची तयारी दाखवली. मी चित्र तिथेच हातात घेतले आणि नकार दिला. पाण्यात कालवलेल्या रंगांनी छापलेल्या, प्राणिज सरस आणि तुरटी यांचा लेप दिलेल्या कागदाला उष्णता व दाब देऊन कायमचे चिकटवणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली त्याचा शेवट करणे होते. तीन खेपा घातल्यानंतर फ्रेमच्या साहित्याचे पैसे परत मिळाले, मजुरीचे मिळाले नाहीत. त्या मजुरीचा राग मला आजही आहे, कारण नुकसान साहित्यामुळे झाले नव्हते, ते त्या मजुरीमुळेच झाले होते.

शेवटी गुंडाळचित्रे मढवणाऱ्या एका वृद्ध कारागिरांकडे मी चित्र सोपवले. त्यांनी ते दोन आठवडे ठेवून घेतले, पातळ पाते किंचित तापवून चिकटपट्टी दोरा-दोऱ्याने सोडवली, मागून अगदी हलका दमटपणा देऊन ते लोकरीच्या जाड कापडांत वजनाखाली ठेवले. समासाच्या दोन कोपऱ्यांत वरचे तंतू निघाले आहेत, पण कागद कुठेही फाटला नाही. परत देताना त्यांनी चित्र पालथे करून टेबलावर ठेवले आणि आधी ही बाजू पाहा, असे सांगितले.

माझ्या मताला कलाटणी मिळाली ती इथे. नऊ महिने ज्या वस्तूची मी मालक होते, तिची मागची बाजू मी एकदाही पाहिली नव्हती. त्या बाजूने संपूर्ण चित्र उलटे उमटलेले होते, पण रेषांनी नव्हे, मुख्यतः रंगांनी. ज्या जागी छपाईचा दाब अधिक होता तिथे रंग कागदाच्या आरपार आलेला होता, आणि जिथे पुढे गडद निळा होता तिथे मागे धुतलेल्या निळ्या साडीच्या उलट्या बाजूसारखी एक सौम्य छटा होती. त्यावर तिरका उजेड पडला की अर्धगोलाकार, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक चकाकत्या खुणा दिसत होत्या. त्या ‘बारेन’च्या होत्या. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबाच्या सालपटात गुंडाळलेली, आत पीळ घातलेल्या दोरीचे वेटोळे असलेली तळहाताएवढी चकती; लाकडावर रंग आणि खळ ब्रशने पसरायची, त्यावर ओलसर कागद ठेवायचा, आणि ही चकती कागदाच्या पाठीवरून अंगाच्या भाराने फिरवायची, एवढीच या छपाईतली यंत्रणा. छापणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला, कुठे त्याने दोनदा घासले, कुठे कडेला येताच दाब कमी केला, हे सगळे त्या पाठीवर वाचता येते. मी उजवा कोपरा खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहत होते. काळ्या रेषा पुढच्या बाजूने कागदात रुतलेल्या आहेत आणि बोटाच्या टोकाला त्यांची किनार जाणवते, हेही मला त्याच दिवशी कळले.

यंत्राने फवारलेली शाई कागदाच्या वर बसते आणि तिची पाठ कोरी असते. माझी आठ महिन्यांची तक्रार त्यामुळे अर्धी खरी आणि अर्धी माझ्याच मांडणीची होती: भिंतीवर, ॲक्रिलिकच्या आड लावायचे असेल तर डिजिटल प्रत घ्यावी, हे मी आजही म्हणेन. फरक आहे तो हातात घेतल्यावर. आमच्या घरी देवादिकांच्या तसबिरींपासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळे काचेतच पाहिलेले, म्हणून चित्र आणले की फ्रेम करायची हे मी विचार न करता केले. एदोमधली, म्हणजे त्या काळच्या तोक्योतली, माणसे मात्र ही चित्रे बहुतेक वेळा हातात घेऊन पाहत, अल्बममध्ये चिकटवत, एकमेकांना दाखवत. सोबा नावाच्या शेवयांच्या एक-दोन वाट्यांच्या किमतीत मिळणारी ती वस्तू होती.

मारियोला या छपाईत आणणे अनेकांना वरवरचे वाटते, आणि घेण्यापूर्वी मलाही थोडे वाटले होते. पण उकियो-ए हा प्रकार मुळात त्या काळच्या लोकप्रिय गोष्टींवरच जगला. चित्रकार शाराकू यांनी १७९४-९५ मधल्या सुमारे दहा महिन्यांत काबुकी नटांची जी चित्रे काढली, ती चालू नाटकांतल्या भूमिकांची होती. चित्रकार कुनियोशी यांनी १८२७ पासून काढलेली ‘सुइकोदेन’ या मूळ चिनी कादंबरीतल्या वीरांची मालिका खपली ती त्या गोंदवलेल्या, अंगावर धावून येणाऱ्या वीरांसाठी. आणि ज्या निन्तेन्दोचा मारियो, ती कंपनी १८८९ साली क्योतोमध्ये हाताने बनवलेले हानाफुदा पत्ते विकण्यासाठीच सुरू झाली होती. त्यामुळे हे चित्र पाहताना दोन परक्या गोष्टी जोडल्यासारखे मला आता अजिबात वाटत नाही.

ऑगस्टमध्ये मुलाला त्याच दुकानातल्या छपाईच्या वर्गाला नेले. ठशाच्या लाकडावरच कोरलेल्या ‘केन्तो’च्या दोन खाचांमध्ये, म्हणजे एक कोपऱ्याची आणि एक सरळ, कागद बसवायचा असतो, आणि प्रत्येक रंगाला पुन्हा त्याच जागी. त्याच्या पहिल्या प्रतीत लाल रंग रेषेबाहेर गेला. तिसऱ्या प्रतीला तो कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून श्वास रोखून उभा होता. घरी आल्यावर त्याने आता भिंतीवर नसलेले ‘रिक्शॉ कार्ट’ मागितले आणि त्यातल्या रंगांच्या कडा रेषेला कशा मिळाल्या आहेत हे भिंगातून तपासले.

आता चित्र आम्लविरहित कागदाच्या घडीत, सपाट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट मी मुद्दाम टाळले आहे. शेजारी सिलिका जेलच्या पिशव्या असतात आणि जून-जुलैमध्ये त्या दर पंधरा दिवसांनी बदलते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी हे चित्र मागवले, तर त्यांना चार महिने ही काळजी घ्यावी लागेल, आणि फ्रेम करायचीच असेल तर काम देण्यापूर्वी फ्रेमवाल्याला एकच प्रश्न विचारावा: कागद किती कडांनी धरणार? चारही कडांनी, असे उत्तर आले तर चित्र परत घेऊन घरी यावे.

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या पूर्वेच्या खिडकीतून उजेड तिरका येतो. तेव्हा हात धुऊन, पुसून, चित्र दोन्ही हातांनी उचलून आम्ही दहा मिनिटे पाहतो; थेट ऊन लागू देत नाही. आधी पुढची बाजू, मग मागची. गेल्या रविवारी मुलाला डाव्या कडेला बारेनच्या खुणांमध्ये एक असा टप्पा सापडला, जिथे छापणाऱ्याने हात उचलून पुन्हा सुरुवात केली असावी. मला तो अकरा महिन्यांत दिसला नव्हता.