१८० हर्ट्झचा मॉनिटर आणि काउंटरवरच्या तीन केबल्स

नाशिकला एम. जी. रोडवर २७ इंची, १४४०पी (२५६० बाय १४४० ठिपक्यांचा), १८० हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतला की बिल होता होता प्रश्न येतोच, "चांगली एचडीएमआय देऊ का? एट-के आहे." राहू द्या म्हणायचं. केबल कितीही भारी असली तरी या वर्गातल्या बऱ्याच मॉनिटरचं एचडीएमआय पोर्टच २.० असतं. त्यातून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि चित्राच्या वाट्याला त्यातले १४.४ येतात. १४४०पी, ८-बिट रंग, १४४ हर्ट्झ याला साधारण १४.१ लागतात, म्हणजे कसंबसं बसतं. १८० ला लागतात १७.९. हे तर डिस्प्लेपोर्ट (डीपी) या दुसऱ्या जोडणीच्या १.२ आवृत्तीच्या १७.२८ मध्येही मावत नाही. डीपी १.४ देतं २५.९२. पैसे १८० चे मोजले असतील तर डीपीच लावा.

आधी खोका नीट बघा. डीपी केबल आत असेल तर तीच लावून पाहा, नवी घेऊ नका. कित्येक खोक्यांत मात्र फक्त एचडीएमआय निघते, आणि मग काउंटरवर डीपी केबलचे तीन प्रकार समोर येतात.

पहिली बारीक, काळी, कुठलंही लेबल नसलेली. ही १४४ ला गुमान चालते. १८० केलं की मधूनच सेकंद-दोन सेकंद स्क्रीन काळा होऊन परत येतो. त्याहून वाईट भानगड २० नंबरच्या पिनची. डीपीच्या या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नियमाप्रमाणे केबलमध्ये ती दोन्ही टोकांना जोडलेली नसावी. स्वस्त केबलमध्ये ती सर्रास जोडलेली सापडते. मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते आणि पीसी कधी चालू व्हायला नकार देतो. ओळखायची सोपी खूण: पीसी बंद करा, एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटणही बंद करा, मॉनिटर चालू ठेवा. मिनिटभरानंतरही मदरबोर्डवरचा दिवा मिणमिणतोय आणि डीपी काढल्यावर विझतोय? केबल परत करा. ही फुकट मिळाली तरी नको.

दुसरी जाड, विणलेल्या आवरणाची, सोनेरी टोकांची. विणकाम आणि सोनेरी मुलामा यांवरून वेगाचं काहीच कळत नाही. पाकिटावर 'डीपी८के' सर्टिफाइड असं व्हेसाचं (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) चिन्ह आहे का तेवढं बघा. दोन मीटरची अशी केबल मिळाली तर या मॉनिटरसाठी आमची पसंती तीच. खोट एकच: ती ताठ असते. मॉनिटरचे पोर्ट खाली तोंड करून असतील तर वळायला तळाशी चार बोटं जागा ठेवा. काढताना टोकावरचं बटण दाबूनच काढा. हिसका दिला की पोर्टच हलतं, आणि ती दुरुस्ती केबलच्या कितीतरी पट महाग पडते.

तिसरी पाच मीटरची. साध्या तांब्याच्या तारेत डीपी १.४ चा पूर्ण वेग दोन मीटरपर्यंतच भरवशाचा. पीसी लांबच ठेवायचा असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक पीसीकडे. उलटी लावली तर चित्रच येत नाही, आणि केबल खराब समजून लोक दुकानात परत चक्कर मारतात.

एचडीएमआय २.१ चं काम कुठे? पीएस५ या गेमिंग कन्सोलला डीपी नाहीच, त्यामुळे ४के १२० साठी ती हवीच. पाकिटावर 'अल्ट्रा हाय स्पीड' आणि क्यूआर असलेलं होलोग्राम लेबल असावं, ते ॲपने स्कॅन होतं. मॉनिटरच्या खोक्यावरच्या '२.१' या आकड्यावर मात्र भुलू नका. त्यातल्या बहुतेक सुविधा ऐच्छिक असल्याने १८ गिगाबिटच्या पोर्टलाही तो शिक्का लागतो. दुकानदाराला सरळ विचारा, "हे पोर्ट किती जीबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला किती गिगाबिटचं?"

एचडीएमआयचाच लॅपटॉप असेल तर साधा स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका. बरेच डीपीकडून एचडीएमआयकडेच चालतात, उलटे नाहीत. टाइप-सी मधून डिस्प्ले निघत असेल तर टाइप-सी ते डीपी केबल उत्तम.

जोडताना केबल मदरबोर्डच्या पोर्टात नको, खाली ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीत लावा. मॉनिटरच्या मेनूत डीपी १.२ निवडलेलं असेल तर १.४ करा. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १८० निवडा. नवा मॉनिटर अनेकदा ६० वरच उघडतो, आणि महिनोन्‌महिने तसाच वापरणारेही आहेत. यादीत १८० दिसत नसेल तर आधी पोर्ट तपासा, मग मेनू, मग ड्रायव्हर, केबल सगळ्यात शेवटी.

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत गॅसलिफ्टच्या खुर्चीतून उठताना स्क्रीन क्षणभर जात असेल, तर तो खुर्चीतल्या स्थिर विजेचा झटका असू शकतो. अशा वेळी केबल बदलण्याआधी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या.