नोट चमकली आणि आम्ही फसलो

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला शेतकरी. माझ्या बाबांनी उमेदीची वीस वर्षं जिनिंगमध्ये काढली. कापसाचा बारीक फुफाटा इतकी वर्षं छातीत गेला, त्यात दमा. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप (इनहेलर) ओढायचा. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि कूलरच्या ओल्या हवेत बाबांची छाती घरघरते. म्हणून दोन वर्षांपूर्वी तूर विकून त्यांच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी बसवला. हे आधी सांगतो, कारण येणाऱ्या माणसानं पहिल्या पाच मिनिटांत नेमकं हेच आमच्याकडून काढून घेतलं.

मागच्या एप्रिलात तो मोटारसायकलवर आला. इन केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळा छापील कागद. कागदावर 'नोबेल मिळालेलं अल्ट्राव्हायोलेट तंत्रज्ञान' (अल्ट्राव्हायोलेट म्हणजे अतिनील प्रकाश, थोडक्यात यूव्ही) असं ठळक लिहिलेलं आणि खाली एका मोठ्या यंत्राचा फोटो. यंत्रातून पत्र्याच्या जाड चौकोनी नळ्या निघालेल्या, त्यात निळी ट्यूब. एसीत हा लाईट बसवला की व्हायरस, बुरशी, धूळ, दमा, डेंग्यू सगळं बंद, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली, बोटभर लांबीच्या लाईटच्या पट्टीखाली धरली. नोटेवरचे आकडे हिरवट चमकले. "पहा बाबाजी, असली यूव्ही असल्याबिगर नोट चमकत नाही," म्हणाला. घरातली सगळी माणसं त्या नोटेकडे पाहत राहिली. माझा विश्वास तिथंच बसला.

सात हजार आठशे रुपये मी फोनवरून पाठवले. लाईट एसीच्या आत चिकटवला, जांभळा उजेड जाळीतून खोलीत पडू लागला. जाताना तो बाबांच्या खाटेवर टेकला आणि म्हणाला, "दोन महिन्यांत तुमचा पंप सुटते."

हे वाक्य मी त्याला माफ करणार नाही. बाबांना पंप आवडत नाही. पंपाची सवय लागते असं आमच्याकडे बरेच जण मानतात. त्यांनी आम्हाला न सांगता सकाळचा पंप सोडला, मग संध्याकाळचा. विचारलं की म्हणायचे, "मले बरं वाटून राह्यलं." विसाव्या-एकविसाव्या दिवशी रात्री दोन वाजता त्यांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले होते. शेजाऱ्याच्या गाडीत त्यांना आर्वीला नेलं. डॉक्टरांनी मशीन लावलं, ऑक्सिजन दिला, सकाळी ते बोलू लागले. डॉक्टर म्हणाले की रोजचा पंप श्वासनळ्यांची सूज दाबून ठेवतो, तो बंद केला की सूज हळूहळू परत येते, आणि माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

खरं काय ते गॅस भरायला आलेल्या वर्ध्याच्या मेकॅनिकनं सांगितलं. एसी उघडून त्यानं पट्टी ओढून काढली, उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरांत ३९५ एनएम (नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी) छापलेलं. "भाऊ, ही डेकोरेशनची एलईडी पट्टी आहे." जंतू मारणारा प्रकाश वेगळा, त्याला यूव्ही-सी म्हणतात आणि त्याच्या नेहमीच्या दिव्याचा आकडा २५४ असतो. तो पाऱ्याच्या दिव्यातून, क्वार्ट्झच्या नळीतून येतो. साध्या काचेतून बाहेरच पडत नाही. तो डोळ्यांना दिसतही नाही. दिसतो तो फक्त सोबतचा निळसर उजेड. नोट चमकवायला मात्र बाजारातली नोट तपासायची साधी बत्तीही पुरते.

खरा दिवा असता तरी काय झालं असतं, तेही मी त्याच्याकडून आणि नंतर वाचून समजून घेतलं. अमेरिका-कॅनडात बऱ्याच घरांत गरम-थंड करायचं एकच मोठं यंत्र असतं, पत्र्याच्या नळ्यांतून हवा खोल्याखोल्यांत जाते. कागदावरचा फोटो त्याचाच होता. माझ्या घरात अशी नळी कुठं आहे, एवढंही मला विचारावंसं वाटलं नाही. तिथं हा दिवा थंड, ओल्या कॉईलसमोर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीसमोर लावतात. तासन् तास एकाच जागी प्रकाश पडला तर कॉईलवर बुरशी धरत नाही, हे खरं आहे. वाहती हवा मात्र दिव्यासमोरून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, त्यामुळे घरगुती लहान दिव्याचा तिच्यावर फारसा भरवसा धरता येत नाही. आणि धूळ प्रकाशानं मरत नाही. तिला फिल्टर लागतो, तो धुवावा लागतो. बाबांच्या एसीचा फिल्टर काढला तेव्हा त्यावर राखाडी गादीच जमली होती. यूव्ही आहे म्हणून आम्ही तो धुवायचंच सोडलं होतं.

नोबेलची गोष्टसुद्धा अर्धीच खरी. डेन्मार्कच्या फिन्सेन नावाच्या डॉक्टरांना ते १९०३ साली मिळालं, पण कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केला म्हणून. एसीशी त्याचा संबंध नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. पहिल्याच आठवड्यात मी बहिणीला फोन करून हा लाईट घ्यायला सांगितलं होतं. तिच्याकडे कूलर. त्याच माणसानं कूलरच्या पुढच्या जाळीमागे उघडी ट्यूब टांगून दिली. ही ट्यूब खरी निघाली. भाचा नऊ वर्षांचा, आजीसोबत कूलरसमोरच्या खाटेवर झोपायचा. तिसऱ्या रात्री बहिणीचा फोन: "दादा, पोराचे डोळे उघडून नाही राह्यले रे." डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणून तो रडत होता, आजीचेही डोळे लाल. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं की काही तासांनी जे होतं तेच हे, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवसांत दोघंही बरे झाले. खोलीत वीज कडाडल्यावर येतो तसा वासही येत होता. लाईट बसवणाऱ्या त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, हा ताज्या हवेचा वास. काही ट्यूबांतून ओझोन नावाचा वायू निघतो, त्याचा तो वास, आणि दम्याच्या माणसाला ओझोन घातकच. डेंग्यूचं म्हणाल तर त्याचे डास कूलरच्या साठलेल्या पाण्यात वाढतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करणं हाच त्यावरचा इलाज.

त्यानं दिलेली पावती नंतर नीट पाहिली. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. पावतीवरचा चौदाच अक्षरांचा होता. हा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो, पैसे देण्याआधी दोन मिनिटं लागतात. मी ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे. पैसे आलेले नाहीत, त्याचा फोन बंद आहे.

कोणाच्या कूलरमध्ये अशी उघडी ट्यूब असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच काढा, आणि ती फोडू नका, आत पारा असतो. फुटलीच तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, काच झाडूनं न झाडता जाड कागदानं गोळा करा. बहिणीची ट्यूब पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, पोलिसांना दाखवायला.

परवाच्या बाजारात तोच पिवळा कागद पुन्हा वाटला गेला. माणूस दुसरा आहे, जरा वयस्क. नोट मात्र तोही चमकवून दाखवतो.