हॅरिस ट्वीडच्या नावाखाली गेलेले १,२०१ पौंड

हे लिहिताना मला लाज वाटते, कारण कापडातले काही कळत नव्हते अशी सबब मला सांगता येत नाही. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करत आणि मी स्वतः शाळेच्या सुट्ट्यांत कांड्या भरल्या आहेत. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात पत्नीसह एडिनबरोला भाचीकडे गेलो, तेव्हा किल्ल्यांपेक्षा तिथल्या जुन्या गिरण्या आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवरचे घरोघरचे माग पाहावेत, अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. नेमक्या याच इच्छेचा सहली काढणाऱ्या एका माणसाने धंदा केला.

सहा दिवसांची सहल, दोघांचे १,४८० पौंड, निम्मी रक्कम आगाऊ. कार्डाने भरल्यास तीन टक्के जादा पडतील असे त्याने कळवले, म्हणून २२ पौंड २० पेन्स वाचवण्यासाठी मी ७४० पौंड भारतातील खात्यातून थेट त्याच्या खात्यात पाठवले. पुढचे वाचकांनी ओळखलेच असेल. तरीही लिहितो, कारण हा माणूस पैसे मिळताच गायब झाला नाही. तो दोन दिवस आमच्याबरोबर हिंडला आणि त्या दोन दिवसांत त्याने आमचा पुरता विश्वास मिळवला.

शुक्रवारी त्याने न्यू लॅनार्क दाखवले. १७८६ मध्ये सुरू झालेली आणि पुढे रॉबर्ट ओवेन यांनी कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेमुळे गाजलेली ती सूतगिरणी आता जागतिक वारसास्थळ आहे आणि तिथल्या जुन्या यंत्रावर आजही लोकरीचे सूत निघते. ते पाहून मी इतका हरखलो की संध्याकाळी त्याने बोटीच्या तिकिटांतील फरक म्हणून मागितलेले ७५ पौंड रोख देताना पावतीसुद्धा मागितली नाही.

शनिवारी इनव्हर्नेसच्या अलीकडे एका शेडमध्ये त्याने आम्हाला ‘हॅरिस ट्वीडच्या विणकराकडे’ नेले. १९९३ च्या कायद्यानुसार हॅरिस ट्वीड हे आउटर हेब्रिडीज बेटांवरच, तिथे रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध लोकरीपासून, तिथल्या रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले असावे लागते आणि त्यावरची अंतिम प्रक्रियाही तिथेच व्हावी लागते. मी हे वाचून गेलो होतो. आम्ही अजून मुख्य भूमीवरच होतो आणि समुद्र ओलांडायचा बाकी होता. मी तसे विचारलेही, तेव्हा ‘विणकर बेटावरचाच, फक्त इथे स्थायिक झालेला’ असे उत्तर मिळाले आणि परमुलखात वाद नको म्हणून मी गप्प बसलो.

खरे तर त्या मागानेच मला सगळे सांगितले होते. तो पायाने चालवायचा जुना हॅटर्सले माग होता. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ढिला पडलेला होता, फणीवर धूळ होती आणि मागाखालच्या फरशीवर लोकरीचा एक तंतूही नव्हता. चालत्या मागाखाली कशी रुई साचते, हे मी लहानपणी रोज पाहिले आहे. याहून मोठी गोष्ट पन्ह्याची होती. हॅटर्सलेवर साधारण ७५ सेंटिमीटर पन्ह्याचे कापड निघते आणि ‘याच मागावरचे’ म्हणून आमच्यापुढे उलगडलेले कापड दीड मीटर पन्ह्याचे होते. मी ते दोन्ही हातांत धरून पसरले होते. एवढ्या अरुंद मागातून एवढे रुंद कापड कसे निघाले, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आला नाही, ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. पत्नी बाहेर थंडीत कुडकुडत होती, तो घाई करत होता आणि विमानतळावर ४१ पौंड व्हॅट परत मिळेल म्हणून एक अर्जही त्याने हाती दिला. चार मीटरचे ६२ पौंडांप्रमाणे २४८ पौंड मी रोख मोजले. ब्रिटनने पर्यटकांनी सोबत नेलेल्या मालावरचा असा परतावा १ जानेवारी २०२१ पासून बंद केला आहे, तेव्हा असा अर्ज दुकानात कोणी देऊ लागला तर सरळ बाहेर पडा.

रविवारी सकाळी उलापूल बंदरातून बोटीने आउटर हेब्रिडीजमधील लुईस बेटावर जायचे होते. तो आलाच नाही आणि फोनही बंद. हॉटेलात खोली आमच्या नावावर होती, पण पैसे भरलेलेच नव्हते. ते १३८ पौंड आम्हीच दिले. लुईसवर रविवार कडकपणे पाळतात, त्या दिवशी माग चालत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत रविवारी विणकरांची भेट लिहिली होती, तिथेच ती पत्रिका खोटी ठरत होती.

यानंतर सुरू झाल्या खेपा. पोलीस चौकीत सांगितले गेले की दोन दिवसांची सेवा मिळालेली असल्याने हा दिवाणी वाद दिसतो. एका मदत क्रमांकावर ४० मिनिटे ताटकळलो, तेव्हा स्कॉटलंडच्या तक्रारी आपल्याकडे येत नाहीत, पोलिसांचा १०१ क्रमांक लावा, असे उत्तर आले; १०१ वर नोंद क्रमांक मिळाला, त्यापलीकडे काही नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांनी भरपाई देण्याचा नियम आहे, पण तो तिथल्याच दोन खात्यांमधील व्यवहारांना लागू होतो आणि माझे पैसे भारतातून गेले होते. आमच्या बँकेने परत मागणीचा संदेश पाठवायलाच ११ दिवस लावले. सायबर कक्षातील अधिकाऱ्याने आरोपीचा भारतीय मोबाइल क्रमांक विचारला आणि तो नाही म्हटल्यावर अर्ज बाजूला ठेवला. विमा कंपनीने फसवणूक पॉलिसीत बसत नाही असे दोन ओळींत कळवले. चूक माझी आहेच, पण खाते क्रमांक, संदेश, छायाचित्रे, गाडीचा क्रमांक असे सगळे हातात असताना कुणीही त्या माणसाला एक फोनसुद्धा करू नये, याला काय म्हणावे?

कार्डाने पैसे भरा. निदान चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी १०० पौंडांवरील खरेदी क्रेडिट कार्डानेच करावी, कारण विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरणारे १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचे कलम ७५ त्यांच्या पाठीशी असते. अस्सल कापडाच्या मागच्या बाजूला ऑर्बची, म्हणजे वर क्रूस असलेल्या गोलाची, खूण उमटवलेली असते, ती पाहा. आमच्या कापडावर ती नव्हती. भाचीच्या स्वयंपाकघरात त्यातला एक धागा ओढून जाळला, तर केस जळल्याचा वास येऊन राख होण्याऐवजी तो वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने तीच सहा दिवसांची सहल पुन्हा जाहिरातीत दिसली. छायाचित्रात तीच शेड, तोच माग आणि तसाच ढिला ताणा आहे, आणि विणकरांची भेट याही वेळी रविवारीच आहे.