पान १/२

आकडे आधी. फ्लॅट ३८,५०,०००. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी २,६९,५००. नोंदणी ३०,०००. एजंटची दलाली ३८,५००. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीची कागदोपत्री तपासणी, ८,५००. कर्जासाठी घराचं व्हॅल्युएशन, म्हणजे किंमत ठरवणं, ३,५००. एवढं मोजून मिळाला तो मंजूर नकाशात नसलेला चौथा मजला.

पुण्याच्या हद्दीतलं रिसेलचं घर, आमचं पहिलंच. हसण्याआधी ऐका, मी आंधळेपणाने सही केली नव्हती. सर्च रिपोर्ट होता, व्हॅल्युएशन होतं, भोगवटा पत्राची, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे आहे, राहायला हरकत नाही या पालिकेच्या दाखल्याची, झेरॉक्स होती. फक्त वकील एजंटने दिलेला, व्हॅल्युअर फायनान्स कंपनीचा आणि झेरॉक्स विकणाऱ्याची. माझे त्यात पैसे तेवढे होते.

त्या झेरॉक्सच्या खाली उजव्या कोपऱ्यात छापलं होतं, 'पान १/२'. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा, "दुसरं पान कुठंय?" मोबाईलवरची नजर न काढता एजंट म्हणाला, "सर, त्यावर नुसते सह्या-शिक्के असतात." आणि मी मान डोलावली! ऑडिटमध्ये बारा वर्षं काढलेला माणूस. ऑफिसात कुणी अर्धं व्हाउचर आणलं तर त्याला दारातून परत पाठवतो मी. पण ५१,००० टोकन गेलेलं, बायकोने पडद्यांचा रंग ठरवलेला आणि 'संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय' हे ठरलेलं पालुपद सुरू झालेलं.

दुसऱ्या पानावर मंजूर मजले होते. पार्किंग अधिक तीन.

व्हॅल्युअर अकरा मिनिटं थांबला. टेप बाहेर काढलीच नाही. चार फोटो घेतले आणि माझ्यादेखत एजंटला विचारलं, "किती धरू?" मला वाटलं, यांची पद्धत असेल. रिपोर्ट मागितला तर म्हणे तो कंपनीचा, बाहेर देत नाही. फी मात्र माझी. अहो, ते व्हॅल्युएशन त्यांचं कर्ज बुडू नये म्हणून असतं, तुमचं घर तपासायला नव्हे. पुढे मी स्वतः मोजलं. कागदावर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ५४५ चौरस फूट, हातात ४६१. बाल्कनीसुद्धा आत ओढली होती. त्याच भावाने कमी पडलेल्या ८४ फुटांचे झाले ५,९३,३९४. टेप १८० रुपयांना मिळते.

मागच्या मालकाचं मिळकतकराचं बिल मागा, आणि ते ओळीओळीने वाचा. मला एजंट म्हणाला, "थकबाकी आम्ही भरतो," आणि मी खूश. त्या बिलात शास्ती होती. अनधिकृत बांधकामाचा दंड, त्या बिलात कराच्या दुप्पट, म्हणजे बिल तिप्पट.

सात महिन्यांनी जिन्यात एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, अनधिकृत बांधकामाची नोटीस चिकटली. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, वकील करा." महारेराचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं म्हणाल तर इमारत २०१७ च्या आधीची, तिथे नोंदच नाही. नोंदणी कार्यालयात उत्तर मिळालं, आम्ही दस्त नोंदवतो, परवानगी तपासत नाही. शुल्क मोजून घेताना मात्र एक रुपया चुकला नव्हता. पालिकेत बांधकाम विभागाने कर विभागाकडे पाठवलं, कर विभागाने परत बांधकामकडे. मी विचारलं, अनधिकृत आहे हे माहीत होतं म्हणूनच शास्ती घेत होतात ना, मग मजला इतकी वर्षं उभा कसा? तिथल्या बाई म्हणाल्या, "कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही." बरोबर आहे. पैसे तेवढे अधिकृत होतात! माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत यायला हवं, मला ५२व्या दिवशी आलं. त्यात होतं ते पान दोन.

भोगवटा पत्राची नक्कल पालिकेतून स्वतः काढा. वकील असा बघा, जो एजंटला ओळखतही नाही. टोकन या दोन्हीनंतर.

कर्जाचा हप्ता २७,०३२, दर महिन्याच्या ५ तारखेला.

गेल्या रविवारी समोरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. एजंट तोच. जिन्यात गाठून मी त्या मुलाला म्हटलं, "भोगवटा पत्राचं दुसरं पान मागा." एजंट हसून त्याला म्हणाला, "हे सर सोसायटीवर जरा नाराज असतात."