चिया की जवस?

दोन्ही बियांत ओमेगा-३ (एक उपयुक्त चरबी) आणि तंतू (फायबर) भरपूर. १०० ग्रॅम चियात तंतू सुमारे ३४ ग्रॅम, जवसात २७. ओमेगा-३ मात्र जवसात जास्त, २२ ग्रॅमच्या वर, तर चियात १७-१८.

चिया पाण्यात घातला की दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो. त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं, जेवणानंतरची साखरही सावकाश चढते. २००७ मध्ये टाइप-२ मधुमेहींवरच्या एका कॅनडियन अभ्यासात रक्तदाब थोडा उतरला; पण त्यात माणसं होती जेमतेम २०. कोलेस्टेरॉलबाबत चियाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

रक्तदाबाबाबत जवसाची बाजू भक्कम आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांवरच्या चाचणीत रोज ३० ग्रॅम जवसाची पूड दिली होती. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब जवस न दिलेल्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी कमी भरला. अट एकच, जवस कुटलेला हवा. अख्खा दाणा बराचसा न पचताच बाहेर पडतो. आपली लसूण घालून कुटलेली जवसाची चटणी म्हणूनच मला महागड्या चियापेक्षा जवळची वाटते, फक्त मीठ बेतानं घाला.

चिया कोरडा कधीच खाऊ नका, घशात फुगून अडकू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.