हर्णैचा कुत्रा आणि तालुक्याचा दवाखाना: पाचात साडेतीन

हर्णै बंदरावर सुरमईच्या भावावरून घासाघीस चालली होती, इतक्यात कुत्र्याने मागून पोटरी धरली. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि सरकारी दवाखाना गाठला. रेबीजची लस फुकट: दोन्ही दंडांत कातडीत ०.१ मिलि, दिवस ०, ३, ७ आणि २८. जखमेत सिरम (तयार प्रतिपिंडं) भरताना मात्र जीव गेला हो! केसपेपरच्या रांगेत दीड तास, पंखा बंद. त्याचे दीड तारे कापले.

डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. "बाई, या रेबीजच्या विषाणूत जेमतेम पाच जनुकं. १९९४ साली जर्मनीत तो डीएनए प्रतीवरून घडवला, तेव्हापासून त्यात परकं जनुकही घालता येतं. एका पेशीतून दुसरीत शिरायला लागणारं 'जी' जनुक काढून तिथे चमकणाऱ्या प्रथिनाचं घालतात. आपण निवडलेल्या चेतापेशीलाच 'जी' वेगळं पुरवायचं. मग विषाणू तिथून एकच पाऊल मागे, म्हणजे तिला संदेश देणाऱ्या पेशींत जातो आणि तिथे 'जी' नसल्याने अडकतो. मेंदूत कोण कोणाला जोडलंय, ते उजळून दिसतं."

सुई टोचता टोचता हे सांगितलं तिने! वर्गात ही शेवटच्या बाकावर डुलक्या काढायची. चौथ्या खेपेला तिच्यासाठी कुळथाचं पीठ नेलं. पंखा तेव्हाही बंदच.