मोलॅसिस, गूळ, साखर की मध? मातीतल्या सूक्ष्मजीवांसाठी काय निवडावे

मातीत गोड पाणी घालायचे ठरले की कोणता पदार्थ घ्यायचा यावरच सगळी चर्चा होते. त्याआधी ठरवायला हवे की तो घालणार कशात: थेट मातीत, कंपोस्ट टीमध्ये (कंपोस्ट पाण्यात भिजवून काढलेला अर्क), की आंबवायच्या द्रावणात. निवड त्यावरच ठरते.

या सगळ्या पदार्थांतून जिवाणूंना मुख्यतः एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे झटपट पचणारा कर्ब (कार्बन). साखरेच्या वजनाचा 42 टक्के भाग कर्बाचा असतो. झाडेही हेच करतात. पानांत तयार झालेल्या अन्नाचा काही वाटा ती मुळांवाटे मातीत सोडतात, पण रोज आणि थोडा थोडा. आपण देतो ते एकाच वेळी. ओल्या, उबदार मातीत साधी शर्करा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत संपते. तेवढ्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि खाणे संपले की ओसरतात. त्यामुळे कंपोस्ट, शेणखत किंवा आच्छादन नसलेल्या मातीत कोणत्याही गोड पदार्थाने टिकाऊ फरक पडत नाही. फळे गोड होतील या आशेने तर गोड पाणी देऊच नका. फळातली साखर पानांत तयार होते, मुळांतून वर येत नाही.

थेट मातीत

इथे मोलॅसिस (कारखान्यात साखर काढून उरणारा दाट, काळसर पाक), काकवी आणि गूळ जवळपास बरोबरीचे आहेत. मोलॅसिसमध्ये साखर साधारण निम्मी, पालाश (पोटॅश) 2 ते 4 टक्के, शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह. ऐकायला हे बरेच वाटते, पण एका चमच्यात (5 मिली, सुमारे 7 ग्रॅम) पालाश येते जेमतेम 0.2 ग्रॅम. खत म्हणून त्याचा हिशोब धरू नये. घेताना सल्फर डायऑक्साइड न वापरलेले घ्या, कारण तो जिवाणूंना मारक असतो. गुळात साखर जास्त आणि खनिजे कमी. फिकट पिवळा गूळ बहुधा रसायनाने उजळलेला असतो, म्हणून गडद रंगाचा बरा. काकवी पातळ असल्याने लगेच मिसळते, एवढाच तिचा वेगळा फायदा.

पांढऱ्या साखरेला लोक नाके मुरडतात, पण कर्ब पुरवण्यात ती कुठेच कमी नाही. तिच्यात खनिजे नसतात, इतकेच. माती आधीच कंपोस्टने समृद्ध असेल तर ती चालते.

खरा धोका पदार्थात नाही, प्रमाणात आहे. जिवाणूंना शरीर बांधायला कर्बाबरोबर नत्र लागते. समजा, 100 ग्रॅम साखर मातीत गेली. त्यातल्या 42 ग्रॅम कर्बापैकी निम्मा श्वसनात उडाला, तरी उरलेल्या कर्बाच्या जोडीला जिवाणू मातीतले अडीच ते चार ग्रॅम नत्र ओढून घेतात. ते मेल्यावर नत्र परत मिळते, पण तोवर झाडाची खालची पाने पिवळी पडलेली असतात. चमचाभर मोलॅसिसमुळे अडकणारे नत्र मात्र 0.1 ग्रॅमच्या आसपास असते आणि त्याने झाडाचे काही बिघडत नाही. म्हणून 1 लिटर पाण्यात 3 ते 5 मिली मोलॅसिस किंवा 4 ते 5 ग्रॅम गूळ, तीन-चार आठवड्यांतून एकदा, एवढे पुरे. 10 लिटरच्या कुंडीला असे एक लिटर पाणी द्या. आधी पेलाभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग उरलेले पाणी घाला, नाहीतर जड पाक तळाशी बसतो आणि शेवटच्या कुंडीला सगळा डोस मिळतो.

वाफसा असलेल्या, म्हणजे ओलसर पण मोकळ्या मातीतच द्या. चिखल झालेल्या कुंडीत गोड पाणी गेले की वाढणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात आणि मुळे गुदमरतात. याच गुणधर्मावर एक शेतीतंत्र उभे आहे: रिकाम्या जमिनीत भरपूर मोलॅसिस मिसळायचे, पाणी भरायचे, वर प्लास्टिक अंथरून काही आठवडे हवा तोडायची, म्हणजे रोगकारक बुरशी मरते. उभ्या पिकाखाली ती परिस्थिती नको. बियाण्याच्या ट्रेमध्ये आणि कोवळ्या रोपांना तर कोणताही गोड पदार्थ नकोच, रोपे कोलमडण्याचा धोका वाढतो. हायड्रोपोनिक्सच्या टाकीत आणि ठिबकच्या नळ्यांतही तो नको. तिथे बुळबुळीत थर धरतो आणि ड्रिपर बुजतात.

कंपोस्ट टी

इथे मोलॅसिस निवडा आणि हात आखडता ठेवा. 20 लिटर पाण्याला कापडी पिशवीत 1 किलो पक्व कंपोस्ट, 30 मिली मोलॅसिस, एअर पंप अखंड चालू, 24 तास. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी आदल्या दिवशी उघडे ठेवा. क्लोरामीन असेल तर तसे ठेवूनही ते जात नाही, पावसाचे पाणी वापरा. मोलॅसिस दुप्पट-तिप्पट केले की जिवाणूंचा प्राणवायूचा खप पंपाच्या पुरवठ्यापुढे जातो. शिवाय कंपोस्ट नीट तापून कुजलेले नसेल, तर त्यातले साल्मोनेला आणि ई. कोलाय हाच गोड खुराक खाऊन वाढतात. म्हणून कच्ची खायच्या पालेभाजीवर हा टी फवारू नका, मातीत ओता, आणि पंप बंद केल्यावर चार तासांत संपवा. मातीचा वास येत असेल तर वापरा, नासका येत असेल तर टाकून द्या.

आंबवलेली द्रावणे

मोलॅसिसचे पैसे खरे वसूल होतात ते इथे. ईएम कल्चर (उपयुक्त सूक्ष्मजीवांचे तयार मिश्रण) वाढवायला 1 भाग कल्चर, 1 भाग मोलॅसिस आणि 18 भाग पाणी. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात 7 ते 10 दिवस ठेवा, रोज झाकण सैल करून वायू सोडा. काच वापरू नका, फुटते. सामू (पीएच) 4 च्या खाली गेला आणि आंबटगोड वास आला की तयार. लॅक्टिक जिवाणूंना साखरेबरोबर खनिजे आणि ब जीवनसत्त्वेही लागतात, त्यामुळे इथे पांढरी साखर मागे पडते. गूळ चालतो.

मध

मध मातीत वापरू नये असेच आमचे मत आहे. तो पातळ केला की त्यातले एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, म्हणजे ज्यांना वाढवायचे त्यांनाच विरोध. त्याहून गंभीर बाब मधमाश्यांची. मधात फाउलब्रूड या मधमाश्यांच्या अळ्यांना होणाऱ्या रोगाचे बीजाणू असू शकतात आणि उघड्यावर सांडलेला मध माश्यांनी चाटला की ते पोळ्यापर्यंत पोहोचतात. स्टीव्हियासारखी गोडी तर मोजण्यातच नाही, तिच्यात जिवाणूंना खायला जवळपास काही नसते.

डोस जास्त झालाच तर दोन-तीन दिवसांत मातीवर पांढरी बुरशी, आंबूस वास, मुंग्या आणि चिलटे दिसतात. पाणी थांबवा, वरची 2 ते 3 सेंटिमीटर माती हलक्या हाताने मोकळी करा आणि वाफसा येऊ द्या. आठवड्यात खालची पाने पिवळी पडू लागली, तर नत्रयुक्त खताचा नेहमीपेक्षा निम्मा डोस द्या आणि पुढचे दोन महिने गोड पाणी बंद ठेवा.